नवी आवृत्ती काढा, पण जुनी मिटवू नका

एट्रियन ओडिसी ह्या, भूलभुलैयाचा नकाशा स्वतः काढत खेळायच्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्त्यांवरून जो वाद परत परत उकरला जातो तो वाचून मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्हीकडचे लोक ह्या गेमवर जीव टाकणारे आहेत आणि तरी दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. एकीकडचे म्हणतात सोपं करून टाकलं, पिकनिक नावाचा सगळ्यात सोपा मोड आणला, मॅप आपोआप निघायला लागला, मग आता खेळायचं काय. दुसरीकडचे म्हणतात नको असेल तर वापरू नका, जबरदस्ती केलीये का कुणी. आणि मग हे त्यांना उपरे म्हणणार, ते ह्यांना गेमचे ठेकेदार म्हणणार, आणि ज्याच्यावर बोलायला हवं ते तसंच राहणार.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. सोपं की अवघड हा इथला प्रश्नच नाही. प्रश्न दोन आहेत. मूळ गेम ह्या नव्या आवृत्तीत जसा होता तसा खेळता येतो का? आणि जे नवीन घातलंय ते बंद केलं की खरोखर बंद होतं का? दोन्हीला हो असेल तर कंपनीने वाट्टेल ते घालावं, माझी काडीची हरकत नाही. नाही असेल तर ती वस्तू कितीही देखणी असू दे, तो वेगळा गेम आहे, आणि वेगळा गेम जुन्याच्या खुर्चीत बसवून 'हाच तो' म्हणणं मला मान्य नाही.

आधी मूळ गेममध्ये नक्की काय होतं ते बघू, कारण निम्मे वाद हे न बघताच चाललेत. जानेवारी २००७ मध्ये अ‍ॅटलसने जपानमध्ये निन्टेन्डो डीएस ह्या दोन स्क्रीनच्या, हातात धरायच्या यंत्रावर हा गेम आणला, दिग्दर्शक काझुया निइनो, संगीत युझो कोशिरोचं. एका महाकाय झाडाखाली पसरलेलं भूलभुलैयासारखं जंगल, आपण आपले पाच जण बनवायचे, नावं आपण द्यायची, त्यांना ना भूतकाळ ना संवाद, आणि वरच्या स्क्रीनवर चौकोन-चौकोन चालत असताना खालच्या टचस्क्रीनवर स्टायलसने भिंती, दारं, जिने स्वतः काढायचे. म्हणजे अख्खं यंत्रच जणू ह्या एका कामासाठी बनलंय असं वाटावं. आणि हे त्या काळात उलट्या दिशेने टाकलेलं पाऊल होतं हे लोक विसरतात. १९८१ च्या विझर्ड्री ह्या संगणकावरच्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी आलेखाच्या कागदावर नकाशे काढले कारण गेम तो काढून देतच नव्हता, नंतरच्या गेम्सनी ऑटो-मॅप दिला आणि ती कटकट गेली, आणि मग पंचवीस वर्षांनी निइनोच्या टीमने तीच कटकट परत आणली, मुद्दाम, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की त्या कागदाबरोबर काहीतरी चांगलंही गेलं होतं.

काय गेलं होतं? भीती आणि मालकी. स्वतः काढलेल्या नकाशावर मोकळा राहिलेला कोपरा माणसाला गप्प बसू देत नाही. त्या मजल्यांवर एफओई नावाचे दांडगे शत्रू असतात, मूळ गेममध्ये ते लांबून नुसते तेजाळ गोळ्यासारखे दिसतात, आपण एक पाऊल टाकलं की तेही एक टाकतात, त्यामुळे त्यांचा रस्ता नकाशावर ओळखून, पावलं मोजून, बाजूने सटकायचं. परत गावात यायला एरियाडनीचा धागा नावाची वस्तू लागते आणि ती घ्यायची राहिली तर सगळा रस्ता पायी. आणि सगळे मेले की गेम विचारतो, नकाशा तेवढा सेव्ह करू का? तासाभराची लढाई, मिळालेली लेव्हल, गोळा केलेलं सामान, सगळं गेलं, पण तुम्ही हाताने काढलेलं उरलं. ह्या एका प्रश्नात तो गेम काय आहे हे सगळं येतं. तुमची माणसं जातील पण तुम्हाला जे कळलं ते जाणार नाही. मला तर आजही वाटतं की भूलभुलैयाच्या गेम्समध्ये ह्याच्या तोडीचे निर्णय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच घेतले गेलेत.

आता ह्याच गेमची दोनदा नवी आवृत्ती निघाली आणि दोन्हींची जात पूर्ण वेगळी, म्हणून उदाहरण म्हणून हाच गेम सगळ्यात उपयोगी. २०१३ मध्ये निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस ह्या यंत्रावर 'अनटोल्ड: द मिलेनियम गर्ल' आला. त्यात स्टोरी मोड, ठरलेली पात्रं, फ्रेडरिका, सायमन, आर्थर, राकुना आणि आपला हायलँडर, त्यांचे आवाज, अ‍ॅनिमेशन, एक नवाच डंजन, ग्रिमॉयर स्टोन नावाची दुसऱ्यांची स्किल्स उचलून वापरायची पद्धत, पिकनिकपासून एक्स्पर्टपर्यंत तीन डिफिकल्टी, ऑटो-मॅपची सोय, आणि पूर्ण नकाशा झालेल्या मजल्यावर जिन्यापासून जिन्यापर्यंत थेट उडी. मग दहा वर्षांनी, १ जून २०२३ ला, पहिल्या तिन्ही गेम्सच्या एचडी आवृत्त्या निन्टेन्डो स्विच ह्या यंत्रावर आणि पीसीवर आल्या, आणि त्यात जवळजवळ काहीच नवीन नव्हतं, चित्रं स्वच्छ, डिफिकल्टी निवडायची सोय, सेव्हच्या जास्त जागा, आणि दोन स्क्रीनऐवजी एकाच स्क्रीनच्या बाजूला नकाशा. एकेकाची किंमत तेव्हा ३९.९९ डॉलर, तिन्हींचा संच ७९.९९.

आणि बघा काय झालं. अनटोल्ड आला तेव्हा ओरड झाली की फार बदललं. एचडी आला तेव्हा ओरड झाली की काहीच न बदलता एवढे पैसे कशाचे घेता. दोन्हीकडे कंपनीच चुकीची. मग कंपनीने नक्की करायचं तरी काय? जोवर आपण कुठला बदल कुठल्या जातीचा आहे हे वेगळं करत नाही तोवर दर वेळी हेच होणार आहे.

समोरच्यांचं जे खरंखुरं वजनदार म्हणणं आहे ते आधी घेतो. पहिलं म्हणजे नकाशा हाताने काढणं सगळ्यांना जमत नाही. कुणाचा हात थरथरतो, कुणाला बारीक चौकोन दिसत नाहीत, कुणाला दिवसातून वीस मिनिटं मिळतात आणि ती भिंती ओढण्यात घालवायची नसतात. हे बहाणे नाहीत, आणि 'मग तुमच्यासाठी हा गेम नाही' हे उत्तर मला पटत नाही, ते उद्धट आहे आणि शिवाय खोटंही आहे, कारण ह्या गेममध्ये नकाशाशिवाय टीम बांधणं आहे, स्किल्स कुठे टाकायच्या ह्याचा विचार आहे, कोशिरोचं संगीत आहे, जंगलाचे रंग बदलत जाणं आहे, आणि ते सगळं ऑटो-मॅप लावूनही मिळतं. माझ्या शेजारी बसून कुणी पिकनिकवर खेळला तर माझ्या एक्स्पर्टमधला एफओई मवाळ होत नाही. एखाद्या गोष्टीचा आनंद दुसऱ्याला ती न मिळण्यावर उभा असेल तर तो आनंद तपासून बघायला हवा. तेव्हा डिफिकल्टीबद्दल जे रडगाणं चालतं त्यात मला काहीही तथ्य दिसत नाही, तो स्विच आहे, बंद केला की बंद.

पण 'नको असेल तर वापरू नका' हे वाक्य तिथपर्यंतच खरं आहे, त्याच्या पुढे ते सर्रास चुकीच्या जागी वापरलं जातं. अनटोल्डमध्ये क्लासिक मोड आहे ना, त्यात स्वतःचे पाच जण बनवा, हे सगळे सांगतात. बरोबर, बनवता येतात. पण तो क्लासिक मोड म्हणजे २००७ चा गेम नव्हे! ग्रिमॉयर स्टोन तिथेही आहेत, स्किल्सची झाडं नव्याने बांधलीयेत, मजल्यांवरच्या गोष्टीही बदलल्यात. मेनूत 'क्लासिक' लिहिलंय म्हणून आत जुना गेम असेल असं समजून जो नवा माणूस खेळला त्याला आयुष्यभर वाटणार की आपण मूळ गेम पाहिलाय. ह्यात कुणी फसवायला निघालं होतं असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच.

आणि काही बदल असे असतात की ते तुम्ही वापरले नाहीत तरी त्यांचा परिणाम होतो. ती जिन्यापासून जिन्यापर्यंतची उडीच घ्या. मूळ गेममध्ये भिंतींमध्ये लपलेल्या फटी असायच्या, एका बाजूने शोधली की दोन्ही बाजूंनी वापरता यायची, आणि त्या फटी ही त्या मजल्यांची खरी रचना होती. पहिल्यांदा जाताना अर्धा तास लागलेला रस्ता नंतर दोन मिनिटांचा व्हायचा आणि तो छोटा रस्ता तुम्ही कमावलेला असायचा, एखादी फट सापडली की नकाशाचा अर्थच बदलायचा. थेट उडी मारता आली की त्या फटीचं काय काम उरलं? ती भिंतीत आहेच, तुम्ही उडी न मारता चालत जाऊ शकताच, पण आता ते स्वतःहून घेतलेलं व्रत झालं, गरज राहिली नाही. गरजेपोटी केलेला शोध आणि स्वतःवर बंधन घालून केलेला शोध ह्यात फार फरक आहे आणि जो कुणी धागा विसरून चौथ्या-पाचव्या मजल्यावर अडकलाय, औषधं संपलेली, मेडिकचे, म्हणजे टीमच्या वैद्याचे, स्किल्स वापरायचे पॉइंट (टीपी) शून्यावर, आणि भिंतीत अचानक फट सापडलीये, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मी त्या उडीच्या विरोधात नाही. मी म्हणतोय की ही पिकनिक मोडच्या रांगेत बसणारी गोष्ट नाही आणि तिच्यावर वेगळी चर्चा व्हायला हवी, जी होत नाही.

स्टोरी मोडचंही तेच. मी मान्य करतो की फ्रेडरिकामुळे हजारो लोक ह्या मालिकेकडे वळले असतील ज्यांना बिननावाच्या पाच चेहऱ्यांबद्दल काहीच वाटलं नसतं, आणि ती गोष्ट चांगली लिहिलेली आहे. पण मूळ गेममध्ये पात्रं गप्प होती ती टीमकडे पैसे कमी होते म्हणून की गप्प असण्यात काही हेतू होता? ज्या प्रोटेक्टरला, म्हणजे टीमच्या ढालवाल्याला, आपण नाव दिलंय, जो पहिल्या रांगेत उभा राहून इतक्यांदा मार खाऊन मेलाय, त्याचा स्वभाव खेळणाऱ्याच्या डोक्यात तयार झालेला असतो, कुणी लिहून दिलेला नसतो. तिथे लेखकाने बोलायला सुरुवात केली की खेळणाऱ्याला गप्प बसावं लागतं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, एक दुसरीची सुधारलेली आवृत्ती नाहीये एवढंच माझं म्हणणं.

मग लोक म्हणतात, अरे पण मूळ बनवणाऱ्या कंपनीचाच गेम आहे, त्यांना सुधारायचा हक्क नाही का? जुन्यात चुका होत्या, मेडिकचं बचावाचं इम्युनाइझ एवढं ताकदवान होतं की ते टाकलं की अर्धा गेम लुळा पडायचा, ते दुरुस्त नको करायला? हा मला समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा वाटतो आणि ह्याचं उत्तर गेम्समध्ये शोधण्यापेक्षा आपल्याकडे शोधावं, कारण हा प्रश्न मराठीला चारशे वर्षांपेक्षा जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ करणाऱ्यांनी, नकलणाऱ्यांनी घातलेला गाळ काढला, आणि वर बजावलं की ह्यात आता कुणी आपली ओवी घुसडू नये. केवढं मोठं काम! आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती त्यांच्यामुळे. आणि तरीही राजवाड्यांना एकनाथांच्या आधीची प्रत शोधावीशी वाटली आणि ती त्यांनी १९०९ मध्ये छापली, कारण शुद्ध करणारा हात कितीही अधिकारी असला तरी त्याच्या आधीचं काय होतं हे बघायची गरज संपत नाही. एकनाथांचा अधिकार आणि राजवाड्यांची गरज ह्यात भांडण आहे का? मला तरी दिसत नाही. दोन्ही प्रती समोर असल्या की भांडण उरतच नाही, एकच शिल्लक राहिली की मात्र कायमचं भांडण.

भांडारकर संस्थेने तर ह्याची पद्धतच घालून दिली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली, बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहिली, आणि संपादकांनी जे श्लोक मूळचे नाहीत म्हणून संहितेबाहेर काढले ते जाळून नाही टाकले, पानाच्या खाली आणि परिशिष्टात छापले. वर संपादकाचा निर्णय, खाली त्याने नाकारलेलं सगळं, आणि वाचणाऱ्याला दोन्ही दिसतंय. इम्युनाइझ दुरुस्त करायचं ना, करा. पण दुरुस्ती झाली हे ज्याला बघायचंय त्याला मूळ चूकही बघता आली पाहिजे, नाहीतर दुरुस्ती कशाची केली हे कळणार कसं?

आणि हे गेम्समध्ये अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, झालेलं आहे. ज्या विझर्ड्रीपासून हे सगळं सुरू झालं तिचाच रिमेक डिजिटल इक्लिप्सने २०२४ मध्ये पूर्ण केला, तो मूळ अ‍ॅपल टू च्या कोडवरच उभा केलाय, वर नवी थ्रीडी चित्रं आणि कोपऱ्यात जुनी स्क्रीन चालू ठेवता येते, जुने नियम हवे तर तेही लावता येतात. इतकं लांब जायचीही गरज नाही. अनटोल्डमध्येच संगीताच्या बाबतीत हे केलं होतं! कोशिरोने मूळ गेमचं संगीत मुद्दाम जुन्या पीसी-८८०१ संगणकाच्या इलेक्ट्रॉनिक एफएम आवाजात बांधलं होतं, अनटोल्डसाठी वाद्यांवर नवीन केलं, आणि पर्यायांमध्ये जाऊन जुनं परत लावायची सोय दिली. ज्या टीमला गाण्यांच्या बाबतीत हे सुचलं तिला मजल्यांच्या आणि स्किल्सच्या बाबतीत सुचू शकलं असतं. खर्च आला असता, नक्की आला असता, गाण्याचा स्विच आणि अख्ख्या गेमच्या नियमांचा स्विच ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला कळतं. पण निदान 'क्लासिक' हे नाव देताना तरी तो खर्च डोळ्यासमोर असायला हवा होता.

'मूळ गेम कुठे गेलाय, आहेच की' असं जे म्हणतात त्यांच्याबद्दल मात्र मला जास्त कडक बोलायचंय. कुठे आहे? थ्रीडीएसचं ई-शॉप २७ मार्च २०२३ ला बंद झालं, त्या दिवसापासून अनटोल्डसुद्धा डिजिटल विकत घेता येत नाही. डीएसची कार्ट्रिज नवीन बनत नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आहेत, बाकीच्यांनी जुन्या बाजारात मागतील ती किंमत द्यायची. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी केली तेव्हा अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम्स आज कुठल्याच दुकानात नवे मिळत नाहीत असं निघालं, आणि हँडहेल्डवाल्यांची, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रांवरच्या गेम्सची, अवस्था तर त्याहून वाईट, गेम बॉयच्या घराण्यातले सहा टक्केसुद्धा मिळत नाहीत. पुस्तक छापायचं थांबलं तरी ग्रंथालयात सापडतं. दोन स्क्रीन आणि स्टायलसवर बेतलेला गेम त्याचं यंत्र गेलं की निम्मा जातोच, त्यामुळे हँडहेल्ड गेमची नवी आवृत्ती बऱ्याचदा त्या गेमची शेवटची संधी असते. म्हणून तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवायच्या.

इथे मला एचडी आवृत्त्यांची बाजू घ्यायची आहे, जरी त्यांच्यावर सगळ्यात सोपी टीका होते. चाळीस डॉलर जास्त आहेत, हे मी कबूल करतो, पहिल्या गेमला तर फारच, आणि स्टायलसची मजा बटणांवर येत नाही, रेघ ओढायची आणि कर्सर सरकवायचा ह्यात हाताला कळणारा फरक आहे. पण 'काहीच केलं नाही' हे साफ खोटं आहे. दोन स्क्रीनचा गेम एका स्क्रीनवर आणताना नकाशा लहान करायचा की जंगल लहान करायचं, चालता चालता रेघ ओढायची तर कुठलं बोट मोकळं आहे, ह्या प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि तो करून झाल्यावर बाहेरून दिसतं की काहीच केलेलं नाही. जपून ठेवण्याच्या कामाचं हेच दुर्दैव आहे, ते नीट झालं की दिसत नाही. नवीन पात्र घातलं की ट्रेलरमध्ये दाखवता येतं, मूळ मजला मोडू दिला नाही हे ट्रेलरमध्ये कसं दाखवणार? आपण खेळणारेच जर फक्त दिसणाऱ्या कामाला पैसे द्यायला तयार असू आणि न दिसणाऱ्याला आळशीपणा म्हणणार असू तर मग कंपन्या दर वेळी एक नवी मुलगी आणि एक नवा डंजन चिकटवून देतील आणि त्यात त्यांचा काय दोष?

अनटोल्ड आणि एचडी ह्यातलं एकच निवडायला लावलं तर मी एचडी निवडेन, आणि हे मी अनटोल्ड आवडूनही म्हणतोय. अनटोल्ड नाहीसा झाला तर एक चांगला गेम जाईल. एचडी निघालाच नसता तर २००७ चा तो मूळ निर्णय, की नकाशा तुम्हीच काढा आणि मेलात तरी तो तुमचाच, हा आज जुन्या बाजाराबाहेर कुणाला कायदेशीर मार्गाने हातात घेऊन बघायलाच मिळाला नसता. हे दोन तोटे सारखे नाहीत.

आता ह्या मालिकेतले चौथा, पाचवा आणि नेक्सस हे गेम शिल्लक आहेत. अनुक्रमे २०१२, २०१६ आणि २०१८ चे, तिन्ही थ्रीडीएससाठी बनवलेले, आणि त्या यंत्राचं दुकान बंद. ते पुढे आणायचे ठरले तर अ‍ॅटलसला सांगण्यासारखं हेच आहे की हव्या त्या सोयी घाला, पिकनिक घाला, उड्या घाला, गोष्टही घाला, पण मेनूत एक ओळ अशी ठेवा जी दाबली की ह्यातलं काहीही नसेल आणि स्किल्सचे आकडेसुद्धा जुनेच असतील, चुकांसकट. आणि ती ओळ नसेल तर किमान खोक्यावर स्पष्ट लिहा की हा वेगळा गेम आहे. आणि आपण विकत घेणाऱ्यांनी परीक्षण लिहिताना, स्टार देताना, 'नवीन काय आहे' ह्याच्या आधी 'जुनं किती शाबूत आहे' हे विचारायला सुरुवात करा, कारण कंपनी आपल्या लेखांपेक्षा आपले स्टार जास्त लक्षपूर्वक वाचते.